चंपाऊसाहेबांचे न्हाणे आणि ऊन पाण्याची धार

श्री. जलदेवता प्रसन्न असो, श्रोतयांस स्वस्थ निद्रा लाभो. शके पंधराशे एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्याचे गडावर वर्तमान घडले ते ऐसे.

राणी चंपाऊसाहेबांस एकवीस दिवस ज्वर आला आणि मग उतरला, परंतु हाडातील गारठा जाईना आणि डोळ्यास डोळा लागेना. राजवैद्य निळोपंत यांणी नाडी पाहोन सांगितले, "रोज प्रातःकाळी ऊन पाण्याची अखंड धार घटकाभर पाठीवर पडावी. घागरीने ओतलेले कामाचे नाही. झोप न आली तर शरीर राहणे कठीण." मग न्हाणीघरात तोट्या सोडिल्या, तो थंड पाणी धो धो आले आणि ऊन पाणी मात्र सुतासारखे. दासी मैना डोळे पुशीत बाहेर आली आणि बोलिली, "बाईसाहेब त्या सुताखाली बसोन कुडकुडताती." हे ऐकोन सटवोजी पाणके यांचे काळीज हालले. हमामखाना त्यांजकडे होता, आणि राणीसाहेब नवी नवरी होवोन आल्या ते दिवशीचे पाणी त्यांणीच तापविले होते. कारभारी रंगो त्रिमळ यांणी हुकूम केला, "विस्तव वाढवा." मग लाकडे रचिली आणि पाणी खदखदा उकळले, परंतु धार तितकीच बारीक, आणि वर मैनेचा हात पोळला. तेव्हा कारभारी म्हणाले, "सारे नळ उखडोन नवे घाला," आणि त्यास दोन महिने लागणार. वैद्य म्हणाले, "इतके दिवस शरीर धीर धरणार नाही."

मग सटवोजी हात जोडोन महाराजांस म्हणाले, "सरकार, तीन दिवस द्यावे. हौद एकच, त्यातूनच दोन्ही पाणी येते. थंड्यास जोर आहे, म्हणजे हौद निर्दोष. खोट ऊन पाण्याच्या वाटेतच आहे."

"आणि न सापडली तर?"

"तर गड उतरेन, पुनः तोंड दाखविणार नाही."

महाराजांनी होकार दिल्हा. मग सटवोजींनी देवघराकडील ऊन पाण्याची तोटी पाहिली, तेथेही सूतच. म्हणजे दोन वाटा फुटण्याआधीच अडथळा, ऐसे जाणोन ते उबदार भिंतीवर तळहात ठेवोन, कान लावोन चालो लागले, आणि वाफेत पुढचे पाऊल दिसेना, आणि भिंतीच्या पोटात पाणी ऐसे गुणगुणे की कोणी दूर पाळणा हालवीत आहे, आणि आपण चालतो की तरंगतो हे त्यांस कळेना. पाणी तापविण्याच्या हंड्याजवळ ते गुणगुणणे बारीक शीळ जाहले. तेथे ते थांबले. विस्तव विझविला, हंडा निवविला, तोंडाचा नळ सोडविला, तो आत पांढरा दगड शिंपल्यासारखा थरावर थर बसलेला, मधे जोंधळ्याएवढे भोक. हौदात येते ते विहिरीचे पाणी क्षारी, बारा वर्षे उकळोन ऐसे साचले. मग चिंचेचा कोळ कढवोन नळात भरिला आणि दिवसभर मुरविला, आणि लाकडी मोगरीने हलके ठोकिले, आणि दुसरे दिवशी पुनः तैसेच केले, तो कपच्या गळोन पडल्या. तिसरे प्रातःकाळी तोटी सोडिली. आधी दुधासारखे गढूळ पाणी आले, ते वाहू दिल्हे, आणि मग मनगटाएवढी निर्मळ धार आली.

थंड मिळवोन सोसवेल ऐसे पाणी केले आणि राणीसाहेब धारेखाली बसल्या. घटकेने मैनेस बोलिल्या, "मैने, हाडे विरघळताती गे," आणि पलंगावर नेईतो डोळे मिटले. मग नगारा वाजविला नाही, हत्तींच्या घंटांस फडकी गुंडाळिली, आणि महाराज स्वतः जोडे हाती घेवोन दालनातून गेले. न्हाणीघराबाहेर सटवोजी ऊन भिंतीस टेकोन निजले होते. कारभारी उठवावयास वाकले, तो महाराज हळूच म्हणाले, "राहो द्या. तेही तीन दिवस जागे आहेत."

राणीसाहेब दुसरे दिवशी सूर्योदयी जाग्या जाहल्या आणि भूक लागली म्हणाल्या. पौषात सदरेस आल्या. नळ उखडिले नाहीत. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक उणे श्रोतयांनी सांभाळोन घ्यावे.