पाणसळ आणि लंबकराव

घड्याळ मंगळवारी सकाळी सव्वानऊला थांबलं, आणि ते थांबवणारी हातात फडकं घेऊन समोरच उभी होती.

तिचं फ्रेमांचं दुकान होतं. लोकांच्या भिंतींवर चित्रं आणि फोटो टांगण्यात तिची वीस वर्षं गेली होती. पर्समध्ये एखाद्या दिवशी कंगवा नसेल, पण सरळ-तिरकं दाखवणारी पाणसळ असायचीच. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला, की तिला जगाचं बरं चाललंय असं वाटे.

आई मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर गेली होती. जाताना तिने धाकट्या मुलासारखं ते भिंतीवरचं घड्याळ लेकीच्या स्वाधीन केलं. "किल्ली दिलीय. मी शनिवारी येतेय. तू नुसतं लक्ष ठेव, हात लावू नकोस." बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. त्यांचा चष्मा, छत्री आणि चपला यांचं काय करायचं ते आईने अजून ठरवलं नव्हतं. घड्याळाचं मात्र ठरलं होतं. ते थांबता कामा नये.

लेकीने खरंच हात लावला नसता. पण घड्याळावर बोटभर धूळ होती. जी बाई दिव्याचे बल्बसुद्धा पुसते, तिच्या घरात ही धूळ म्हणजे आईचं वय झालं, असं लेकीने मनात धरलं आणि तिला भरून आलं. शिवाय घड्याळ डावीकडे कललेलं होतं. तिने ते उतरवलं, पुसलं, परत टांगलं आणि पाणसळीने काटेकोर सरळ केलं. बुडबुडा मध्ये आला. दहा मिनिटांनी लंबक थांबला.

तिने लंबकाला धक्का दिला. दहा मिनिटं. पुन्हा धक्का. पुन्हा दहा मिनिटं. तिच्या दुकानाशेजारी घड्याळांचं दुकान होतं, तिथल्या मालकाला तिने फोन करून विचारलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आम्ही फक्त सेल बदलतो."

तेव्हा तिने बाबांचा संगणक उघडला. तो सुरू झाला की थेट इंटरनेटवरच्या 'टोले' या गटावर जायचा. जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचा छंद असलेल्यांचा हा गट एका दंतवैद्याने एकोणीस वर्षांपूर्वी काढला होता. पुढे त्याला मधमाश्यांचा नाद लागला आणि तो गट तसाच उघडा टाकून निघून गेला. मागे कुणीच धनी राहिला नाही. आधी गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्यांनी शिरकाव केला, मग प्लॉटवाले आले, मग एक ज्योतिषी आला, जो कुणीही काहीही विचारलं तरी "तुमची अडचण ओळखली आहे" असं लिहायचा. पोरं मोठी होऊन निघून जावीत तसे खरे सभासद एकेक करून गेले. एक केशतेलवाला मात्र बारा वर्षं रोज सकाळी सातला न चुकता जाहिरात टाकत होता.

आणि दर रविवारी बाबा काहीतरी लिहीत, 'लंबकराव' या नावाने. तिने ते वाचलं नाही. तिने घाईने त्यांच्याच खात्यातून लिहिलं, "आठ दिवसांच्या किल्लीचं घड्याळ दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. किल्ली पुरेशी आहे. काय कारण असावं?" खाली नाव घातलं नाही. घालायचं तर आधी एक वाक्य लिहावं लागलं असतं, आणि ते वाक्य तिने अजून कुठेच लिहिलं नव्हतं.

पहिलं उत्तर ज्योतिष्याचं होतं. त्याने अडचण ओळखली होती.

दुसरं 'पितळी' नावाच्या सभासदाचं. "लंबकराव, सहा महिने कुठे होतात? आणि रविवारचं कोडं मंगळवारी?"

तेव्हा कुठे तिने मागचं चाळलं. बाबा दर रविवारी गटावर एक कोडं घालत. अमुक घड्याळ तमुक करतं, का? उत्तर पुढच्या रविवारी. गेली काही वर्षं कुणी उत्तर देत नव्हतं, पण बाबांनी खंड पाडला नव्हता. त्यामुळे तिचा प्रश्न हा कुणालाच प्रश्न वाटला नाही. लंबकराव परतले होते आणि सगळ्यांची परीक्षा घेत होते. तिने खुलासा करायला घेतला, "मी त्यांची मुलगी" इथवर लिहिलं आणि खोडलं. आधी घड्याळ चालू होऊ दे, मग सांगू.

पितळीने सांगितलं, तेल वाळलंय, एक थेंब घाला. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत 'तेलबुधला' उगवला. तो आणि पितळी यांचं नऊ वर्षांपूर्वी थेंबांवरूनच वाजलं होतं आणि त्या भांडणात अर्धा गट रिकामा झाला होता. तेलबुधल्याचं म्हणणं, एका थेंबाने काय होतंय, तीन हवेत. पितळीने विचारलं, घड्याळ दुरुस्त करायचंय की तळायचंय. मग त्या भांडणापायी गेलेले लोक त्याच भांडणासाठी परत आले. बुधवारी दुपारी त्रेसष्ट निरोप होते आणि त्यांतले फक्त अकरा गुडघ्यांबद्दल होते.

लेक बिचारी दोघांचंही ऐकत होती. तिने एक थेंब घातला. चाललं नाही. मग तीन घातले. गुरुवारी सकाळी घड्याळाखालून एक काळी रेघ निघाली आणि भिंतीवरून सरळ खाली उतरली. पाणसळीची गरज नव्हती, रेघ अगदी ओळंब्यात होती. आईला यायला दोन दिवस होते.

त्याच सकाळी सातला केशतेलाची जाहिरात आली. भांडणाच्या भरात तेलबुधल्याने त्या जाहिरातीलाही उत्तर दिलं, की हे तेल घड्याळात चालणार नाही.

आणि बारा वर्षांत पहिल्यांदा केशतेलवाला बोलला.

"मला माहीत आहे. मध्ये बोलतो, माफ करा. हे कोडं लंबकरावांनी अकरा वर्षांपूर्वी घातलं होतं. त्यांची सगळी कोडी मी वहीत उतरवून ठेवली आहेत. दुकान उघडून बसलं की दुसरं काम नसतं. त्यांचं उत्तर देतो." आणि खाली बाबांचे शब्द होते.

"माझ्या घड्याळात लंबकाला धक्का देणारी तार जरा वाकडी आहे. ती वाकवत बसण्यापेक्षा मी घड्याळच डावीकडे कलवून टांगतो. कुणी ते सरळ केलं, की ते दहा मिनिटांत थांबतं. हे आठवायला मला आठवडा लागला. तेल घालू नये. कान लावावा. एक टिक लांब आणि एक आखूड वाजते, लंगड्या माणसासारखी. दोन्ही सारख्या होईपर्यंत घड्याळ हळूहळू कलवावं. आमच्याकडे ते कुणी सरळ केलं हे मला ठाऊक आहे, पण तो कोड्याचा भाग नाही."

तिने पाणसळ पर्समध्ये टाकली, भिंतीला कान लावला आणि घड्याळ डावीकडे ढकललं. वीस वर्षांच्या सवयीला ते फार जड गेलं. पण टिका सारख्या झाल्या. दहा मिनिटं गेली. वीस गेली. घड्याळाने दहाचे टोले दिले.

मग तिने ते वाक्य लिहिलं. "मी लंबकरावांची मुलगी. बाबा सहा महिन्यांपूर्वी गेले. हे कोडं नव्हतं, आमचं घड्याळ खरंच थांबलं होतं. आता चाललंय. तुमचे आभार."

कुणी उत्तर दिलं नाही. ज्योतिष्यानेही नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजून गेले, पण केशतेलाची जाहिरात आली नाही.

शनिवारी आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"सरळ केलं होतंस ना?"

"तुला कसं कळलं?"

"तेल घातलंस त्यावरून. ह्यांनीही आधी तेलच घातलं होतं." आई खुर्चीत बसली. "तेव्हा सरळ मी केलं होतं. पुसताना. हे आठवडाभर ते घड्याळ घेऊन बसले, जेवायचं भान नाही. मला काही सांगायचा धीर झाला नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

लेकीने संगणक तिच्यासमोर आणला आणि बाबांच्या उत्तरातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आईने ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. घड्याळ चालत होतं, दोन्ही टिका सारख्या.

"बघ की," आई म्हणाली, "अकरा वर्षं हे गप्प बसले. आणि मी वेडी अकरा वर्षं त्या घड्याळाची धूळ पुसली नाही."