नेनेकाकांच्या मराठी खुणा

सामन्याआधी आमचे नेनेकाका समोरच्या संघाचे नाही, आपल्याच खेळाडूंचे खिसे तपासतात. बंगालातल्या बराकपूरजवळच्या आमच्या पंख्यांच्या कारखान्याने एका साहेबाच्या हौसेपायी बेसबॉलचा संघ काढला आणि स्टोअरकीपर नेनेंना मॅनेजर केलं. जन्म स्टोअरमध्ये गेलेल्या माणसाचा देवावरही विश्वास नसतो. चहा आला की पहिला घोट मी घ्यायचा. मी मेलो नाही, की म्हणायचे, "पाच मिनिटं थांबू अजून."

बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, थांबलेल्या गड्याने पुढे कधी पळायचं, हे मॅनेजर बाहेरून हाताच्या खुणांनी सांगतो. नेने म्हणाले, "हात सगळ्यांना दिसतात. आपण मराठीत ओरडू." मग रोज पाळी सुटली की अर्धा तास मराठीची शिकवणी. "पळ मेल्या!", "जागचा हलू नकोस!" आमच्या तपनला 'ळ' म्हणताना घाम फुटायचा.

बरं चाललं होतं. मग नदीपलीकडच्या जूट मिलने आमचे तीन गडी 'पळ' म्हणताक्षणी टिपून बाद केले. नेने माझ्याकडे वळले. "गोरे, इथे मराठी येणारे आपण दोघंच. मी कुणाला बोललो नाही."

आठ वर्षं ज्यांच्यासाठी चहा चाखला, त्यांनी हे म्हणावं! मला फार लागलं. सामना संपल्यावर मिलचा नवा कॅचर, म्हणजे फळीमागे चेंडू झेलणारा गडी, हसत आला. "काका, मी नागपूरचा आहो ना!" नेनेंनी माझी माफी मागितली नाही, चेंडूंची पिशवी मात्र माझ्या हाती दिली.

पुढचा सामना हरलो तर साहेब संघच बंद करणार होते. मी म्हटलं, "आता खुणा हातानेच करा."

"मराठीच ठेवू."

"अहो, हरायचंय का तुम्हाला?"

त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीतले चेंडू मोजले. मग बायकोचं नाव काढून म्हणाले, "सुधा गेल्यापासून घरात मराठी ऐकू येत नाही. ही पोरं अर्धा तास बोलतात. खुणा हाताने केल्या, तर ती कशाला बसतील माझ्यासमोर?"

माझा राग तिथेच विरला.

रविवारी त्यांनी मुकाट्याने हातानेच खुणा केल्या. आम्ही जेमतेम जिंकलो. सोमवारी पाळी सुटल्यावर ते एकटेच पिशवी आवरत होते, तर तपन सगळ्या संघाला घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसला.

"काका, आज काय शिकायचं?"

नेनेंनी एकेकाचं तोंड निरखलं आणि शेवटी माझ्याकडे संशयाने पाहिलं. या वेळी त्यांचा संशय खरा होता.