हरिबाचं शून्य

संस्थेचे अध्यक्ष दुपारी येणार होते आणि डॉ. मृत्युंजय हत्तुरे यांच्या संगणकावर उजनीकाठचा शेतकरी दिवसाला सरासरी शेहेचाळीस हजार तास मोटर चालवत होता.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. आकडा हलला नाही.

सोलापुरातल्या त्या कृषी महाविद्यालयात प्राचार्यांची खुर्ची रिकामी होती. धरणाच्या फुगवट्याकाठी पाण्याच्या मोटरी रोज किती तास चालतात, याचा अभ्यास अध्यक्षांनी स्वतः मागितला होता. तो आज चांगला झाला की खुर्ची आपलीच, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. त्यांना कशाचीच शंका नसे. पुण्यात एक कार्यशाळा करून आल्यापासून ते ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत आकडेमोड करीत, आणि इतरांकडे अजून बोटांवर मोजणारी जमात म्हणून पाहत.

"दानेश्वरी!" त्यांनी संशोधन साहाय्यक मुलीला हाक मारली. "हा कचरा कुणी भरला?"

"इसूफनं, सर. गावोगाव फिरून, मोबाईलवरच्या शीटमध्ये."

"वाटलंच. बोलाव त्याला."

इसूफ आला. पाहणीच्या उन्हाने त्याचे नाक सोललेले होते.

"काय रे, दिवसात तास किती असतात?"

"चोवीस, सर. का, वाढले काय?"

"मग हे शेहेचाळीस हजार कुठून आणलेस?"

"मी कशाला आणू? मी विचारलं, मामा, मोटर किती तास चालते? कुणी म्हणलं चार-पाच, कुणी म्हणलं आठ-नऊ. तसंच लिवलं की. मधी रेघ मारून."

"एक आकडा सांगा म्हणायला काय झालं होतं?"

"म्हणलो की, सर. तर म्हणाले, बरं, एकच लिव्ह, दहा-बारा."

दानेश्वरी हसली आणि लगेच गंभीर झाली. "सर, शीटला वाटलं ही तारीख आहे. चार-पाच म्हणजे चार मे. आणि आत ती तारीख एकोणीसशे सालापासून किती दिवस झाले, अशा आकड्यात साठवते. तुम्ही आरमध्ये त्या रकान्याचे जबरदस्तीनं आकडे केलेत, म्हणून ते दिवस बाहेर आले."

"ते मला कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुला कळतं का, ते बघत होतो."

मग त्यांनी कळफलक पुढे ओढला. रोग समजल्यावर औषध काढणे त्यांना अवघड नव्हते. दिवसात तास चोवीस, तर चोवीसच्या वरच्या सगळ्या ओळी काढून टाकायच्या. त्यांनी आज्ञा दिली आणि निकाल आला. सरासरी शून्य.

"शून्य?"

"एकच ओळ उरलीय, सर," दानेश्वरी म्हणाली. "हरिबा."

"हरिबाची मोटर जळालीय," इसूफने सांगितले. "सगळ्या फुगवट्यावर त्या एकट्यानंच सरळ उत्तर दिलं. म्हणला, शून्य लिव्ह आणि जा."

"मूर्ख माणसं," डॉक्टर म्हणाले. यात त्यांनी हरिबा, इसूफ आणि उर्वरित माढा तालुका असे सगळेच धरले होते. "दानेश्वरी, तू बस हितं. मला अध्यक्ष अण्णांच्या स्वागताचं बघायचंय. आणि नीट झालं की जुनं सगळं पुसून टाक. असला कचरा अण्णांच्या नजरेला पडायला नको."

दानेश्वरीने तारखा सोडवून पुन्हा दिवस आणि महिना वेगळे केले, त्यांचा मध्य काढला. चार मेचे साडेचार तास झाले. सरासरी आली साडेआठ. तिने आलेख काढला आणि सांगितल्याप्रमाणे जुने सगळे, मोबाईलवरच्या शीटसकट, पुसून टाकले.

अध्यक्ष वीरभद्रप्पा अण्णा आले, गळ्यात हार घालून घेतला आणि बसले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. "माझी स्वतःची पद्धत आहे, अण्णा. सरासरी साडेआठ तास."

अण्णांचा चेहरा उतरला. "साडेआठ? कसं हो डॉक्टर? फुगवट्यावर माझी केळीची बाग हाय. उद्या पाणीपट्टी लावणाऱ्या पाटबंधाऱ्याच्या साहेबांसमोर जायचंय. मोटरी एवढ्या चालत न्हाईत, असं सांगायचं हाय मला. म्हणून तर अभ्यास दिला तुमाला."

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला. मग एकदम चेहरा उजळला. "अण्णा, मघाशी शून्यच आलं होतं!"

"शून्य?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "संगणकात?"

"संगणकातच."

"मग तेच द्या की! लई झकास!"

डॉक्टर बसले. त्यांनी चोवीसच्या वरच्या ओळी काढायची आज्ञा दिली. साडेआठ. चोवीसच्या वर आता काही उरलेच नव्हते. पुन्हा आकडे करून पाहिले. ते आधीच आकडे होते. साडेआठ. संतापून त्यांनी एक रकाना उडवला, तर यंत्राने लाल अक्षरांत एक ओळ लिहिली आणि ते अडून बसले.

"दानेश्वरी, मघाचं चुकलेलं परत आण!"

"पुसलं, सर. तुम्हीच सांगितलंत की."

"मग तसंच पुन्हा चुकव."

"मला नाही जमणार, सर. ते तुम्ही केलं होतं."

इसूफ खिडकीबाहेर बघू लागला. अण्णांनी हार काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टर, आलेलं शून्य ज्याला राखता येत न्हाई, त्येच्या हातात आख्खं कॉलेज कसं द्यायचं?" आणि ते उठले.

गाडीचा आवाज लांब गेला. दानेश्वरी आणि इसूफ चहाला गेले. डॉक्टर मात्र खोलीचे दार लावून चुकायचा प्रयत्न करीत बसले. जन्मभर जे त्यांना सहज साधत आले होते, ते त्या दिवशी काही केल्या जमेना.