सेवापूर्तीची मिरवणूक

एसटी कुडलवाडी फाट्यावर थांबली आणि सुदर्शनला खिडकीतून स्वतःचाच चेहरा दिसला. चहाच्या टपरीपेक्षा उंच फ्लेक्सवर तो चेहरा होता. खालचं धड मात्र दुसऱ्या कुणाचं तरी होतं. हिरवा ड्रेस, छातीवर पदकांची रांग, आणि ओठांवर पिळदार मिशी. सुदर्शननं नकळत स्वतःच्या ओठावर हात फिरवला. तिथं काही नव्हतं.

वर्दीतल्या माणसाचा एवढा मोठा फोटो गावाच्या तोंडाशी लागला की त्याचा एकच अर्थ असतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आधी 'भावपूर्ण' हा शब्द कुठं आहे का ते पाहिलं. नव्हता. जीव भांड्यात पडला. मग त्यानं उरलेलं वाचलं आणि पडलेला जीव पुन्हा वर आला.

'भारतमातेचे सुपुत्र सुदर्शन श्रीमंतराव यांचा सेवापूर्ती सोहळा. शुभेच्छुक : समस्त गावकरी मंडळी.'

"उतरा साहेब," कंडक्टर म्हणाला, "तुमचाच कार्यक्रम दिसून राहिला."

सुदर्शन नौदलात होता. विशाखापट्टणमला, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. गावाला वाटे, तो दिवसभर डेकवर उभा राहून दुर्बिणीतून शत्रू बघतो. खरं तर तो जहाजाच्या पोटात तेलकट डांगरी घालून काम करी, आणि समुद्र त्याला सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरूनच काय तो दिसे. हे त्यानं गावाला अनेकदा सांगितलं होतं. गावानं त्याचा नम्रपणा म्हणून सोडून दिलं.

घोळ झाला तो एका फोनमुळं. जहाज निघायच्या आदल्या दिवशी त्यानं घरी सांगितलं होतं, "या महिन्यात माझी पंधरा वर्षं भरतात. पंचवीस तारखेला मोठी सुट्टी घेऊन येतो. आल्यावर एक बोलायचंय." एवढं बोलून तो समुद्रात गेला आणि फोन बंद झाला. लग्नाच्या वेळी 'पंधरा वर्षांची नोकरी, मग घरीच' असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. पंधरा भरली म्हणजे पोरगा परत येणार, एवढा हिशेब घरानं केला. पलीकडच्या गावात फौजेतल्या माणसाची जीपमधून मिरवणूक निघाली होती, तेव्हा आपण काय कमी, हा हिशेब गावानं केला. आणि जे 'बोलायचंय' होतं ते असं, की सुदर्शन आणखी पाच वर्षांसाठी सही करून बसला होता. बायकोला न विचारता.

विचारायला वेळ मिळाला नाही, असं तो रेल्वेत रात्रभर स्वतःला सांगत आला होता. सहीआधी वेळ चांगला आठवडाभर मिळाला होता. धीर मिळाला नव्हता.

तो खाली उतरला आणि गळ्यात हार पडला. हार घालणारा त्याचा मेहुणा, बहिणीचा नवरा रुद्रेश. मागून फ्लेक्सवाला शहेबाज आला. तो शाळेतला सोबती, देगलूरला त्याचं दुकान होतं.

"शहेबाज, अरे हे धड कोणाचं हाय?"

"जाने दो ना सुदर्शनभाई! तुमच्या पांढऱ्या ड्रेसचा फोटो लावून बघितला, तर चार लोक म्हणले, बँडवाल्याचा वाढदिवस हाय का? म्हणून जरा भारी बॉडी टाकली. मिशी फुकट दिली, दोस्तीत."

"अरे, पण मी रिटायर..."

"झाले! हाव, झाले!" रुद्रेश ओरडला, आणि डीजे सुरू झाला.

डीजे सुरू झाल्यावर खरं बोलता येत नाही. ओठ हलतात, समोरचा मान डोलावतो, आणि दोघंही समाधानानं पुढं जातात. सुदर्शनला झेंडूच्या माळा लावलेल्या उघड्या जीपमध्ये उभं केलं. त्यानं रुद्रेशच्या कानाला तोंड लावलं. "दाजी, ऐका. मी रिटायर न्हाई झालो!"

"मीबी लई खूश हाय!" रुद्रेश म्हणाला, आणि लगेच स्वतःचं तोंड याच्या कानाला लावलं. "सरप्राईज हाय! मी पाण्याच्या जारचा धंदा टाकून राहिलो. प्लांट तुमी सांभाळायचा. पंधरा वर्षं पाण्यात होतात, पाण्याचं तुमच्याइतकं कोणाला कळंल?"

"अवो, ते खारं पाणी!"

"हाव, मीठ आपण काढू!"

सुदर्शननं जीपचा दांडा घट्ट धरला. भर वादळातसुद्धा त्यानं कुठला कठडा एवढा घट्ट धरला नव्हता. पुढच्या वळणावर सरपंच चंद्रप्पा चढले, सुदर्शनला फेटा बांधला, आणि गाणं बदलायच्या मधल्या फटीत त्यांनी सांगून टाकलं की सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीत त्याचं नाव पक्कं धरलंय. मारुतीच्या देवळापाशी वडील, श्रीमंतराव, जीपला आडवे आले. त्यांनी बटईनं दिलेलं रान परत घेतलं होतं. "पुढच्या पेरणीला तू औतामागं उभा पाह्यजेस, सुद्या," म्हणाले, आणि डोळे पुसले. सुदर्शननं बापाला आयुष्यात दोनदाच रडताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा बैल गेला होता.

आता सांगायचं कसं?

दारोदार बायकांनी ओवाळलं. प्रत्येक दारात तो 'अवो मावशी, ऐका तरी' म्हणे आणि तेवढ्यात तोंडात पेढा जाई. शेवटी जीप घरापुढं थांबली. दारात मंजुश्री उभी होती. नवं हिरवं लुगडं, हातात ताट, शेजारी सातवीतली लेक तनुजा. मंजुश्रीनं ओवाळलं, कुंकू लावलं, आणि डीजेवाल्यानं पाणी प्यायला बटण बंद केलं त्या शांततेत, फक्त त्याला ऐकू येईल अशा आवाजात विचारलं,

"आता कुठं जायचं न्हाई ना?"

डीजे बंद होता. बोलायला हीच वेळ होती. सुदर्शननं तोंड उघडलं. तोंडात पेढा होता.

तो गिळून होईपर्यंत दोघांना धरून मांडवात नेलंसुद्धा.

मांडव ग्रामपंचायतीपुढं होता. नवरा-बायकोला जोडीनं खुर्च्यांवर बसवलं, पुढं टेबल, टेबलावर फुलांचा मोठा गुच्छ. सरपंचांनी भाषण केलं. समुद्राच्या लाटांवर स्वार होऊन सुदर्शनरावांनी शत्रूला कसं पाणी पाजलं, ते अगदी पाहिल्यासारखं सांगितलं. मग श्रीमंतराव उठले. "माझा पोरगा परत आला," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. अख्ख्या मांडवानं नाकं ओढली. आई लक्ष्मीबाई बायकांच्या घोळक्यात पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही पदर डोळ्याला लावला.

आहेर आला. त्याला पूर्ण पोशाख, तिला साडी. आता 'सत्काराला उत्तर' व्हायचं होतं, आणि ते द्यायला त्याचंच नाव पुकारलं जाणार होतं. सुदर्शनच्या लक्षात आलं, की हिला हे सगळ्या गावाबरोबर कळणं म्हणजे हिच्या तोंडात मारण्यासारखं आहे. निदान हिला तरी आधी, एकटीला सांगावं. तो तिच्याकडं झुकला.

"मंजू, रागावू नको. मी रिटायर न्हाई झालो. अजून पाच वर्षांची सही करून आलोय. तुला इचारायला पाह्यजे होतं. भ्यालो."

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच फार मोठा वाटला. मग तो समोरून आला. मग मागून. मग मारुतीच्या देवळावर आपटून तिसऱ्यांदा आला : भ्यालो... भ्यालो...

फुलांच्या गुच्छात माईक होता. चालू.

मागच्या बाजूला आचारी भजी तळत होते त्या कढईचा आवाज पुढपर्यंत आला. रुद्रेश मटकन सतरंजीवर बसला. सरपंचांचा हात अर्ध्यावर थांबलेल्या टाळीसकट हवेत राहिला. श्रीमंतरावांनी डोळे पुसायला घेतलेला रुमाल न वापरताच खिशात ठेवला. शहेबाज हळूच शेजारच्याला म्हणाला, "फ्लेक्सवर फक्त तारीख बदलता येती, बाकी माल वाया न्हाई जाणार." त्याला कुणीतरी कोपर मारलं.

सुदर्शन मंजुश्रीकडं पाहात होता. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, गुच्छ बाजूला सारला आणि माईक हातात घेतला. तिनं लग्नात उखाणा घेतला तेव्हापासून गावानं तिचा मोठ्यानं आवाज ऐकलेला नव्हता.

"मी बोलू का?" तिनं विचारलं, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत बोलायला लागली. "ह्यांनी पंधरा वर्षांमागं सही केली, त्याच साली माझं लगीन झालं. म्हंजे माझीबी पंधरा वर्षं भरली. ह्यांना वर्साला सुट्टी. मला न्हाई. ह्यांना क्वार्टर मिळत होतं, तीनदा मिळालं. तीनदा म्हणले, आई एकटी पडंल, म्हशी कोण बघंल. ह्यांचं जेवढ्या बार प्रमोशन झालं, तेवढ्या बार गोठ्यात एक म्हैस वाढली."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी फिस्स केलं.

"मी म्हणलं, राहू द्या. हे रिटायर झाले की आपण संगं राहू. आता हे काई होईना झाले." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "म्हणून मीच होते. आजपासून मी रिटायर. सुट्टी संपली की ह्यांच्या संगं जाते. तनुजाची शाळाबी तिकडंच."

तिनं टेबलावरचा उरलेला हार उचलला, स्वतःच्याच हातानं स्वतःच्या गळ्यात घातला आणि खाली बसली.

गाव हबकलं. नवरा नोकरीवर आणि बायको सेवानिवृत्त, असा सोहळा पंचक्रोशीत झालेला नव्हता. सरपंचांना टाळी पूर्ण करावी की हात खाली घ्यावा कळेना. तेवढ्यात तनुजानं टाळी वाजवली. तिच्यामागून बायकांनी वाजवली, आणि मग ती थांबेना.

"अगं सूनबाई, असं कुठं आसतं का?" श्रीमंतराव कसंबसं बोलले.

"का बरं, मामा? मांडव हाय, हार हाय, सरपंच हायेत. अजून काय लागतं?"

श्रीमंतरावांना काय लागतं ते आठवेना. त्यांनी बायकोकडं पाहिलं. आता या घरात शहाणं असं एकच माणूस उरलं होतं, आणि सुनेला कसं गप करायचं ते त्याला चांगलं जमायचं. "सांग की हिला," ते म्हणाले.

लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. टाळ्या आपोआप थांबल्या.  म्हातारी टेबलाशी आली, सुनेसमोर उभी राहिली, तिच्या गळ्यातला हार बोटांनी चाचपून पाहिला. मंजुश्री उठून उभी राहिली, पण मान खाली घातली नाही.

"मंजू," म्हातारी म्हणाली, "तुझी पंधरा झाली."

"हाव, आत्याबाई."

"माझी किती झाली, कुणाला ठावं हाय का?"

श्रीमंतराव बोटं मोजायला लागले आणि मधेच चुकले.

"ह्या सुद्याची तरी सही घेतली. पुढं राहतो का म्हणून इचारलं. मला न्हाई लावताना इचारलं, न्हाई ठेवताना." तिनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. त्यात राग नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हिशेब घातल्याचं नवल होतं. मग ती पोराकडं वळली. "सुद्या, तुझ्या क्वार्टरला खोल्या किती रं?"

"दोन, आई."

"लई झाल्या. एकीत मी आन् तनुजा. दर्या बघीन म्हंते एकदा. तू कवा दावला न्हाईस."

मंजुश्रीनं क्षणभर सासूकडं पाहिलं. मग आपल्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि वाकून पाया पडली. यावेळी टाळ्या वाजवायला बायका थांबल्या नाहीत, आणि सरपंचांचा हातही एकदाचा पूर्ण वाजला. डीजेवाल्याला वाटलं कार्यक्रम जमला. त्यानं गाणं लावलं.

गाणं संपल्यावर श्रीमंतराव खुर्चीत तसेच बसलेले दिसले. रान परत आलेलं, पोरगा चाललेला, सून चाललेली, आणि म्हातारी पोरीबाळींना विचारत होती, दर्याला जाताना नऊवारी नेसली तर चालती का.  मग समोर टेबलावर पडलेला माईक अजून चालू आहे हे न कळून ते स्वतःशीच म्हणाले,

"मंग च्या कोण करंल?"

सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. बायकांनी ऐकलं, पण जागची एकही हलली नाही. सुदर्शननं बायकोकडं पाहिलं. मंजुश्री हात मांडीवर ठेवून अगदी निवांत बसली होती. आईकडं पाहिलं. ती तनुजाकडून फोनवर समुद्राचे फोटो पाहात होती.

मग तो उठला, फेटा काढून खुर्चीवर ठेवला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि चहाला किती माणसं होतील ते मनात मोजत चुलीकडं निघाला. त्या मांडवात नोकरीवर उरलेला तो एकटाच होता.