मेलेल्या मिक्सरची उत्तरपूजा

बंद पडलेली कुठलीही वस्तू हातात आली की आप्पा ती आधी कानाशी धरतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात, "मरेल नही, झोपेल शे." मेलेली नाही, झोपलीय. मग तो रिमोट असो, इस्त्री असो, की माझा धूर सोडून गेलेला मिक्सर.

आप्पा नवागामच्या आमच्या गल्लीत समोरच्याच घरात राहतात. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेत आले आणि कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात जन्म घालवला. काकू गेल्यापासून एकटेच आहेत. मुलगा बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो सारखे नवे फोन घेतो आणि जुने आप्पांना कुरिअर करतो. स्वतः मात्र येत नाही.

गल्लीतली प्रत्येक बिघडलेली वस्तू आप्पांकडे जायची. ती कधी घेतली, कोण वापरायचं, पडली होती का, अशी साग्रसंगीत चौकशी व्हायची. तेवढ्यात चहा यायचा. चौधरी वहिनी टीव्ही द्यायला गेल्या आणि नणंदेचं लग्न कसं मोडलं ते सगळं सांगून आल्या. टीव्ही काही जागा झाला नाही. खरं सांगू का, आप्पांच्या हातून फारसं काही जागं व्हायचंच नाही. लूमचा माणूस, तो चिपपुढे काय करणार!

पण भंगारवाल्याला काही द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एकदा ते सायकलवरून भंगारवाल्याच्या मागोमाग गेले होते. खाडीच्या काठाला पोरांना तांब्यासाठी वायरी जाळताना पाहून खोकत परत आले. "मिक्सर आपला, आन् धूर खातस दुसराना पोरं," म्हणाले. हे मला पटायचं. न पटून सांगते कोणाला, शाळेत पर्यावरण मीच शिकवते.

पण म्हणून घराचं गोदाम करायचं? पलंगावर मॉनिटर, ओट्याखाली सीपीयू, त्याच्यावर पोळपाट! शेवटी व्हायचं तेच झालं. एका जुन्या मोबाइलची बॅटरी फुगली आणि आप्पांची गादी पेटली. नशीब की ते अंगणात होते. गल्लीनं ठरवलं, आता हे सगळं जायलाच हवं. असला कचरा नेऊन त्यातलं विष वेगळं काढणाऱ्या लोकांची गाडी मी शोधली. आप्पांनी "बरं" एवढंच म्हटलं. गाडीचा दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. लूमवाल्यांचा दसरा म्हणजे मशिनांची पूजा, हे मला सुरतेत इतकी वर्षं राहून सुचू नये! गाडी आली, आप्पांनी दार उघडलं, तर आत प्रत्येक वस्तूला हळदकुंकू. मॉनिटरला झेंडूचा हार. मोबाइलांवर आपट्याची पानं.

"पूजा करेल शे," आप्पा शांतपणे म्हणाले. "पूजेल वस्तू कचरामा जास का?"

गाडीवाल्या भाईनं चप्पल काढली, हात जोडले आणि मला म्हणाला, "बेन, हुं तो नहीं अडूं." हात लावणार नाही म्हणे! मी मात्र तापले.

"आप्पा, गणपतीचं काय करतो आपण? पुजतो, आणि मग उत्तरपूजा करून निरोप देतो ना? की तुमचा सीपीयू गणपतीपेक्षा मोठा?"

आप्पांनी मॉनिटरचा हार सरळ केला. मग आत जाऊन अक्षता घेऊन आले. एकेका वस्तूवर अक्षता टाकायच्या, ती जागची थोडी हलवायची, मग भाईच्या हातात द्यायची. वाटेला दहीपोह्यांची शिदोरीसुद्धा करून दिली. ती भाईनं खाल्ली. पुनरागमनाय च तेवढं म्हणू नका, असं मी बजावलं होतं.

गाडी गेली. जाताना भाई घरोघर आपला नंबर देऊन गेला.

झालं! आता कोणाचा चार्जर गेला तरी लोक भाईला फोन करायचे. आप्पा संध्याकाळी दारातल्या ओट्यावर बसायचे, शेजारी दोन कप पालथे ठेवून. येणारे जाणारे हात हलवून पुढे जायचे. मुलाचा फोन यायचा तो रविवारी, तोही घाईत. माझ्या खिडकीतून ते दोन कप दिसायचे आणि मला जेवण गोड लागेना. ढीग हलवायची घाई मलाच होती ना!

एक दिवस मी उठले आणि आमचा नवा मिक्सर घेऊन त्यांच्याकडे गेले. "आप्पा, बंद पडला."

त्यांनी तो कानाशी धरला. पिन लावली, बटण दाबलं. मेला असा गरजला की ओट्यावरचं मांजर पळालं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी मांजराकडे. त्यांनी बटण बंद केलं.

"आवाज बराबर नही," ते गंभीरपणे म्हणाले. "दोन दिन ऱ्हाऊ द्या. बठा, चहा ठेवस."

ते दोन दिवस मी चटणी पाट्यावर वाटली आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. मिक्सर आणायला गेले, तर ओट्यावर चौधरी वहिनींची धडधाकट इस्त्रीही आलेली. आप्पांनी मिक्सर पुसून माझ्या हातात दिला, पण भांड्यावरची पकड काही सोडली नाही.

"मास्तरीणबाई," ते खाली बघत म्हणाले, "काही बिघडनं नही, तरी येत जा."