परुळेकरकाकांची स्टेपनी

फुलपाड्याच्या आमच्या सोसायटीत सकाळी जिन्यात कोणी भेटलं की विचारतं, "पाणी आलं का?" परुळेकरकाका विचारतात, "हवा आहे का?"

ही हवा स्टेपनीतली. काका एका सरकारी वर्कशॉपच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी सुटे भाग सांभाळले, आणि एवढ्या काळात फळीवर वस्तू असताना "नाही" म्हणायची कला आत्मसात केली. निवृत्तीनंतर सांभाळायला एकच सुटा भाग उरला, गाडीच्या डिकीतला. त्याला ते स्टेपनी म्हणत नाहीत, 'पाचवी' म्हणतात. घरात पाचवी मुलगी असावी तसं.

दर रविवारी सकाळी सातला काका खाली उतरतात. डिकी उघडतात, पाचवीला बाहेर काढतात, ओल्या फडक्याने पुसतात, व्हॉल्व्हचं टोपण फिरवून मीटर लावतात. मग जॅक आणि पाना हजर आहेत ना, ते पाहतात. "पडून राहिलं तरी हवा उतरते हो," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "म्हणून दोनतीन पॉइंट जास्तच भरायची." दहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश पडतो: 'आपली पाचवी तपासली का?' त्याखाली अकरा अंगठे उमटतात. तपासलेली कोणीच नसते.

वार्षिक सभेत त्यांनी स्टेपनीचा विषय मांडला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "काका, आधी टँकरचं बघू." काका म्हणाले, "टँकरलाही स्टेपनी असते. बघितलीत कधी?" सभा तिथेच चहाला उठली.

याच सेक्रेटरींनी गेल्या दसऱ्याला भलीमोठी गाडी घेतली. हार, पेढे, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. काका घरून पाचवं लिंबू घेऊन आले. "डिकी उघडा," म्हणाले. डिकीत स्टेपनी नव्हतीच. पंक्चर काढायचं एक चिमुकलं किट होतं. "हल्ली असंच येतं, काका," सेक्रेटरी ऐटीत म्हणाले. काकांनी लिंबू खिशात टाकलं, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरकी आहे हो."

पण खरी गंमत पुढेच आहे. एकदा गेटापाशी काकांचीच गाडी पंक्चर झाली. आम्ही सगळे गॅलरीत जमलो. आता पाचवीचं दर्शन होणार! काकांनी जॅक लावला, पंक्चर झालेलं चाक काढलं, रिक्षात घातलं, पंक्चरवाल्याकडे नेलं, तासभर त्याच्या शेजारी बसले आणि तेच चाक परत आणून बसवलं. गाडी तोवर तीन चाकांवर आणि जॅकवर उभी.

"काका, स्टेपनी का नाही लावली?"

"एवढ्याशा खिळ्यासाठी तिला बाहेर काढू?" काका म्हणाले. "आणि उद्या खरी वेळ आली तर?"

माझी गाडी त्यांच्याच मॉडेलची. मी ती घेतली तेव्हा काका फार खूश झाले होते, आणि तेव्हापासून माझ्या डिकीवर त्यांची विशेष नजर होती. दर महिन्याला विचारायचे, "पाटील, हवा आहे का?" मी न अडखळता सांगायचो, "पस्तीस, काका." माझी स्टेपनी खरं तर रद्दीच्या गठ्ठ्यांखाली आणि बायकोने भंगारात द्यायला काढलेल्या दोन मिक्सरांखाली होती. घेतल्यापासून मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ते पाहावं लागलं.

आईची थोरली बहीण चांदीपला असते. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई सारखं तुझ्या आईचं नाव घेते. लगेच ये." मी आईला घेऊन निघालो. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रिक्षात चढता येत नाही. गाव चार-पाच किलोमीटरवर असताना मागचं चाक बसलं. मी रद्दी आणि मिक्सर रस्त्यावर मांडले, स्टेपनी काढली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. गार झालेल्या पुरीसारखी ती आत गेली.

आई मागच्या सीटवर पदर तोंडाशी धरून बसली होती. 

मी काकांना फोन लावला. सगळं सांगितलं. काका म्हणाले, "मला फोन केलात?"

"हो काका. तुमचीच बसेल माझ्या गाडीला."

"आलो."

अर्ध्या तासात ते आले. येईपर्यंत मी माफीची भाषणं तयार करत होतो. "काका, ते पस्तीस मी..." मी सुरुवात केली.

"आधी जॅक," काका म्हणाले. त्यांनी स्वतः नट सैल केले, आणि ती लाडकी पाचवी माझ्या धुळकट गाडीला बसवली. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. आई आतून म्हणाली, "कोन रे ते? पानी दे त्यांना." काका नुसते हसले.

"तुमच्या गाडीत आता काही राहिलं नाही," मी म्हटलं.

"वेळ आली ना? निघा."

आम्ही पोहोचलो तेव्हा मावशीने डोळे उघडून आईला ओळखलं. दोघी कितीतरी वेळ हातात हात धरून होत्या, बोलल्या अगदी थोडं. चौथ्या दिवशी मावशी गेली.

पंक्चर झालं त्याच संध्याकाळी, परत आल्यावर, मी माझं चाक दुरुस्त करून घेतलं होतं आणि काकांची स्टेपनी धुऊन, हवा भरून त्यांच्या दारात नेली होती. काका अंघोळीला गेले होते. काकूंनी दार उघडलं.

"भर दुपारी त्रास दिला त्यांना," मी म्हटलं.

काकूंनी मागे वळून पाहिलं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्रास कसला? रिटायर झाल्यापासून यांना कामासाठी कोणाचा फोन नाही. जेवायला बसले होते, तुमचा आला. अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला, किल्ली घेतली. मी विचारतेय, कुठे, काय झालं, तर दारातून एवढंच म्हणाले, 'मला बोलावलंय.'"