दुर्लक्षित स्थळं

नाशिकचे फोटो कोणीही काढतं! रामकुंड, पांडवलेणी, द्राक्षाचे घड, झालं. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, तेव्हा मी मीटिंगमध्येच छातीठोकपणे सांगून टाकलं, "एक अख्खी भिंत माझी! विषय, शहराची दुर्लक्षित स्थळं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत. तिच्या मते चौतिशीतल्या मुलाने जरा वेगळ्या प्रकारची स्थळं बघायला हवीत.

तर दर रविवारी मी स्कूटर काढायचो आणि शहर संपेल तिथे जायचो. भंगाराची गोडाऊनं, ओसाड पडलेला जकात नाका, पत्र्याच्या टपऱ्या. भिंत भरत आली. मधली मोठी जागा तेवढी रिकामी होती, आणि तिथे काही लाखात एक हवं होतं. म्हणून त्या रविवारी एकलहऱ्याकडे निघालो. वीज केंद्राच्या चिमण्या लांबून सगळेच बघतात, जवळ जाऊन कोण बघतं?

मी गेलो. वस्तीतल्या शेवटच्या घराच्या अंगणामागे त्या चिमण्या अशा काही उभ्या होत्या, की मी गाडी स्टँडला लावली आणि थेट फाटक गाठलं. अंगणात एक काका नव्याकोऱ्या शर्टात येरझाऱ्या घालत होते.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही काका. स्थळ बघायला आलोय."

बस्स! एवढंच बोललो मी! काकांचा चेहरा लाइट आल्यासारखा उजळला.

"या या या! एकटेच आले?"

"मी एकटाच फिरतो. सोबत कोणी असलं की नीट बघता येत नाही."

"बरोबर हाय! शकू, पाव्हणं आले गं!"

शकूकाकू दारातून डोकावल्या, माझ्याकडे बघून थबकल्या आणि काकांना आत ओढून कुजबुजल्या, "फोटोत केस जास्त होते ओ!" "फोटो जुना आसंल, गप!" हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त 'फोटो' एवढाच शब्द ऐकू आला. माझ्या फोटोंची कीर्ती एकलहऱ्यापर्यंत पोहोचली! मला अगदी भरून आलं.

खुर्ची आली, तिच्यावर उशी आली. शहरात कॅमेरा काढला की वॉचमन अंगावर धावून येतो, आणि इथे पोहे! वर खोबरं! पोहे घेऊन आली ती काकांची मुलगी, मनाली.

"केंद्रातच टेक्निशियन हाय," काका म्हणाले. "शिफ्ट ड्यूटी असती. आधीच सांगितलेलं बरं."

"अरे वा!" मी म्हणालो. मला का सांगताहेत, हे कळलं नाही, पण पोहे उत्तम होते.

"मागचे दोघं घर बघूनच परत गेले," काकू हळूच म्हणाल्या. "म्हणे एवढ्या लांब, चिमण्यांच्या पायाशी कोण सासुरवाडी करणार!" त्यांचा आवाज जरा ओलावला. सासुरवाडीचा विषय कुठून निघाला, हे विचारणार होतो, तेवढ्यात काका पुढे सरकले.

"आतापर्यंत किती स्थळं बघितली?"

"चाळीसेक झाली असतील."

"चाळीस! आन् एकबी पसंत नाय पडलं?"

"छे छे, सगळी पसंत! कधीकधी तर एका रविवारी तीन-तीन!"

"मग?"

"मग काय, फोटो काढायचा आणि पुढच्या ठिकाणी जायचं. आता सगळी एका भिंतीवर लावणार."

काकू मटकन खाली बसल्या. मनालीने का कोण जाणे, पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी मात्र रंगात आलो होतो.

"देखणी स्थळं सगळेच बघतात हो काका. मला गावाबाहेरची आवडतात. जुनाट, कोणी ढुंकून न बघणारी. थोडी पडझड झालेली असली तर फारच उत्तम!"

"पडझड?" काका ताडकन उठले. "आमच्या पोरीला पडझड म्हणतो?"

"पोरीला?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आतून भरघोस केसांचा एक तरुण उतरला. "सॉरी हं, निफाडहून निघायलाच उशीर झाला. मुलीचं घर हेच ना?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग तू कोण रे?" काकांनी विचारलं.

"मी... चिमण्यांसाठी आलो होतो."

जमीन दुभंगावी आणि मी पोह्यांच्या बशीसकट आत जावं, असं वाटलं. पण निफाडकरांनी मान वर करून चिमण्या बघितल्या आणि नाक मुरडलं. "या कायम अशाच समोर असतात?"

काकूंचा चेहरा पडला. तो चेहरा मला बघवेना. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललोच, "समोर आहेत म्हणून तर मजा आहे! इकडून बघा तरी! घराघरांतले पंखे फिरतात ते असल्या चिमण्यांच्या जिवावर, आणि ही त्या चालवते!"

मनाली आत गेली आणि ड्यूटीचं पिवळं हेल्मेट घेऊन आली. नव्या साडीवर ते तिने घातलं आणि चिमण्यांकडे पाठ करून अंगणात उभी राहिली.

"काढा फोटो," ती म्हणाली.

मी काढला. निफाडकर पोह्यांना हात न लावता गेले.

"झालं समाधान?" काका माझ्यावर कडाडले. "आलेलं स्थळ घालवलं!"

"त्यांनी नाही बाबा, मी घालवलं," मनाली म्हणाली.

तरी मी मान खाली घालून परतलो. फार वाईट वाटत होतं. प्रदर्शनाचं आमंत्रण द्यायला मनालीने निघताना दिलेल्या घरच्या नंबरवर फोन केला, तेव्हा काकांनी तो उचलून लगेच मनालीकडे दिला, एवढंच काय ते बरं झालं.

प्रदर्शनात तो फोटो भिंतीच्या मधोमध होता. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "आपलं घर एवढं चांगलं दिसतं?" त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी नुसता फोटोच्या काचेवरून पदर फिरवला. आणि या दोघांना आईने जे चहाला धरलं, ते हॉल बंद होईपर्यंत सोडलं नाही!

पुढच्या रविवारी मी पुन्हा एकलहऱ्याला गेलो. सोबत आई, आणि कॅमेरा घरी. पोहे झाले, गप्पा झाल्या. मनालीने मला एकच प्रश्न विचारला, "आता पुढच्या ठिकाणी जाणार का?" मी म्हणालो, "नाही. भिंत भरली." ती हसली, आणि मला चिमण्यासुद्धा हसल्यासारख्या वाटल्या!

निघताना फाटकाशी चप्पल घालत होतो, तेव्हा आतून कुजबुज ऐकू आली. या वेळी सगळे शब्द ऐकू आले.

"कसं वाटलं ओ स्थळ?" काकूंनी विचारलं.

"दुर्लक्षित हाय," काका म्हणाले. "डोक्याकडून जरा पडझड बी झालीय. पण पोरीला तसलंच आवडतंय म्हणती, काय करता!"